एक काडतूस, दोन राज्यसंस्था

हरणाच्या शिकारीस आणि चांदमारीस एकच रायफल पुरावी, ही अपेक्षा धूरविरहित दारूच्या आगमनानंतर व्यवहार्य झाली. तिची तांत्रिक अट साधी होती. गोळी हरणाच्या खांद्यातून आरपार जाण्याइतकी जड हवी, तिचा मार्ग शक्य तितका सपाट हवा आणि एका बैठकीत पन्नास बार काढले तरी नेमबाजाचा खांदा शाबूत राहावा. माउझरचे ७ × ५७ मि.मी. काडतूस (१८९२) या अटीस उतरले. तथापि कोणता बोअर कोणाच्या हाती पडावा, हा निर्णय केवळ शिकाऱ्याचा नव्हता. शिकारसाहित्याच्या अभ्यासात हे सहसा दुर्लक्षिले जाते.

१८९८ मध्ये क्यूबात स्पॅनिश सैनिकांच्या माउझर रायफलींचा मारा अमेरिकी सैन्याने सोसला. पुढे अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल आणि १९०६ चे .३०-०६ काडतूस स्वीकारले. नेमबाजीच्या प्रसारार्थ १९०३ मध्येच तेथे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९०५ च्या कायद्याने जादा लष्करी रायफली नेमबाजी मंडळांना विकण्याची मुभा मिळाली. सैनिकाचे काडतूस हेच नागरिकाचे हरणाचे व लक्ष्यवेधाचे काडतूस ठरले. थिओडोर रूझवेल्ट ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ (१९१०) मध्ये आपल्या स्प्रिंगफील्डचा उल्लेख करतो, तेव्हा त्या उल्लेखामागे हा नागरिक-सैनिकाचा करार उभा असतो.

हिंदुस्थानात नेमके उलट घडले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांस परवाना सक्तीचा केला. युरोपीयांस मात्र सूट होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरवरही बंदी आली, कारण ते काडतूस बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांस उपयोगी पडेल ही भीती. त्यातूनच .४६५, .४७० अशा आकड्यांच्या शिकारी रायफलींना चालना मिळाली. त्या आकड्यांत जनावरापेक्षा सरकारी धास्तीचे प्रतिबिंब अधिक आहे.

चंपावतच्या वाघिणीच्या वधाबद्दल जिम कॉर्बेट यांस १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल या संदर्भात पाहावी. .२७५ हे माउझरच्याच ७ मि.मी. काडतुसाचे इंग्रजी नाव. १८९९–१९०२ च्या युद्धात बोअर सैनिकांनी ब्रिटिशांवर झाडलेली गोळी काही वर्षांतच इंचांच्या मापात सभ्य झाली. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मधील चौगडच्या वाघिणीच्या प्रसंगात कॉर्बेट डाव्या हातात पक्ष्याची अंडी धरून हीच हलकी रायफल एका हाताने झाडतात. जड दुनळी असती तर ही कथा अशी घडलीच नसती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. .३०३ हा लष्करी बोअर सामान्य परवानाधारकास निषिद्धच राहिला. त्याच्या हाती आली ती सरकारी कारखान्यांची.३१५, जिचे नाते ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसाशी आहे. नेमबाजीची वाट वेगळी झाली. गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या मैदानांवर .२२ स्थिरावली. हरीण आणि लक्ष्य यांना एकाच नळीने जोडणारे काडतूस येथे रुजले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर त्या जोडीतील हरीणच वगळले.