सीतास्वयंवर

सीतास्वयंवर : विष्णुदास अमृत भावे (मृत्यू १९०१) यांनी रचलेले संगीतप्रधान पौराणिक आख्यान. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. आधुनिक मराठी रंगभूमीचा प्रारंभ सामान्यपणे या प्रयोगापासून मानतात. तथापि तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठी नाटके त्यापूर्वी सुमारे दीड शतक रचली गेली होती. तेव्हा भावे यांचे श्रेय पहिल्या नाटकाचे नव्हे, तर महाराष्ट्रात सुरू झालेल्या आणि पुढे अखंड राहिलेल्या नाट्यपरंपरेचे आहे.

या आख्यानाचे मूळ ग्रामीण लोकनाट्यात सापडते. उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की येथील भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीस आली. गायकाने कथा गावी आणि सोंगांनी नाचत ती दाखवावी, अशी त्यांच्या खेळांची धाटणी होती. तसेच खेळ मराठीत, पण अधिक नेटके व्हावेत, अशी आप्पासाहेबांची इच्छा होती आणि ती कामगिरी त्यांनी भावे यांच्यावर सोपविली. भावे यांनी मूळ सांगाडा फारसा मोडला नाही. आरंभी सूत्रधाराचे मंगलाचरण, वनचराच्या वेशातील विदूषकाशी त्याचा विनोदी संवाद, विघ्नहर्त्या गणपतीचे आगमन, मग मयूरारूढ सरस्वतीचे नृत्य आणि त्यानंतर मुख्य कथा, असा क्रम असे. टाळ-मृदंगाच्या साथीत संपूर्ण कथानक पदांतून गाण्याचा भार सूत्रधारावरच होता. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने अभिनय करीत व गद्य भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. महाराष्ट्रातील श्रोत्यांचा कान कीर्तनाने आधीच घडविलेला असल्यामुळे ही रीत त्यांना परकी वाटली नसावी.

राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढील पिढीने या खेळांना ‘अलल्लडुर्र’ म्हणून हिणविले. ही टीका एकांगी आहे. उघड्यावर, मशालींच्या उजेडात, रात्रभर चालणाऱ्या खेळात आरोळी हे पात्राच्या प्रवेशाची वर्दी देण्याचे साधनच होते. चार भिंतींच्या नाट्यगृहात ती विसंगत ठरली, इतकेच.

आप्पासाहेबांचे १८५१ मध्ये निधन झाले आणि राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. दरबारातील करमणूक अशा रीतीने नागर प्रेक्षकांच्या पैशावर उभी राहिली आणि अनेक गावी तशाच मंडळ्या निघाल्या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी शाकुंतलात पदे खुद्द पात्रांच्या मुखी घातली, तेव्हा सूत्रधाराची ही दीर्घ गायकी मागे पडली.

भावे यांची आख्यानपदे नाट्यकवितासंग्रह (१८८५) या नावाने प्रसिद्ध झाली. हा संग्रह शब्दांचा आहे. त्या पदांच्या चाली गाणाऱ्यांच्या कंठातच राहिल्या.