अमळनेरपर्यंतचं तिकीट

तुम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे कल्याणला उतरून कसारा की कर्जत हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. आज कसाऱ्याची बाजू धरा. तिकीट अमळनेरचं काढा. या गाडीचं एकच बघा: जितकं अंतर पुढे पडेल, तितकं साल मागे जाईल.

निघताना ठाण्याचा तुरुंग मनात असू द्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला मारल्याबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिथेच फासावर गेले, १९ एप्रिल १९१० रोजी. सहा वर्षांनी, ३ मे १९१६ ला, डब्लिनमध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी बंदूक उचलणाऱ्या पॅट्रिक पिअर्सला इंग्रजांनी गोळ्या घातल्या. पिअर्स कवी आणि मास्तर. १९०८ साली त्याने सेंट एन्डाज ही शाळा काढली, आयरिश भाषेला मानाचं पान देणारी. आयर्लंडवर लादलेल्या इंग्रजी शिक्षणाला तो सरळ खुनी यंत्र म्हणे. याच शाळेच्या मदतीसाठी १९१३ मध्ये अ‍ॅबी थिएटरात रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ झालं होतं.

पिअर्सच्या एकाच आयुष्यात शाळा, कविता आणि बंदूक तिन्ही मावली. आपल्याकडे त्यांची वाटणी झाली. बंदूक कान्हेऱ्यांकडे गेली. शाळा आणि कविता ज्यांच्याकडे आली, त्यांना तुम्ही ओळखता. निदान तसं तुम्हाला वाटतं.

इगतपुरीपर्यंत विजेचं इंजिन, पुढे कोळशाचं. खिडकीतून डोकं आत घ्या, डोळ्यात कणी जाईल.

नाशिक, फेब्रुवारी १९३३. तुरुंगातल्या बराकीत तेहतीस वर्षांचा एक कैदी वाकून लिहितो आहे. ९ तारखेच्या गुरुवारी त्याने हात घातला आणि सोमवारी, १३ च्या पहाटे, लेखणी खाली ठेवली. ‘श्यामची आई’. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावाल आणि शाळेत ज्या पानावर हुंदका आला ते पान शोधाल. जरा थांबा. पांडुरंग सदाशिव साने या माणसाचं आपण त्या हुंदक्याने नुकसान केलंय, असं माझं मत आहे. हळवे गुरुजी म्हटलं की सोपं पडतं. सरकारला मात्र ते हळवे वाटले नव्हते. १९३५ मध्ये ‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह आला, तेव्हा त्यातली देशभक्ती पाहून प्रती जप्त झाल्या. रडणाऱ्या माणसाचं पुस्तक कुणी उचलून नेत नाही. आणि पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले, ते बडव्यांसमोर डोळे पुसायला नव्हे.

चाळीसगावला गाडी बदला. धुळे, १९३२. तारीख २१ फेब्रुवारी, रविवार. तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायला सुरुवात करताहेत. १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, असे अठरा अध्याय. कैद्यांच्या घोळक्यात जागा करून बसा. सगळ्यांची नजर विनोबांकडे, तुम्ही मात्र डावी-उजवीकडे बघा. एक जण, नाशिकला भेटलेला तोच कैदी, मान वर न करता उतरवून घेतो आहे. ‘गीता प्रवचने’ हे नाव विनोबांचं, आणि तसंच असायला हवं. पण ते पुस्तक तुमच्या कपाटापर्यंत आलं ते या बसून केलेल्या हमालीमुळे. स्वतःचं लिहिणारा माणूस दुसऱ्याचं बोलणं इतक्या निष्ठेने टिपून घेतो, हे मला ‘श्यामची आई’पेक्षा अवघड वाटतं.

पुन्हा मुख्य मार्गावर या, जळगावला उतरा, तापीखोऱ्याच्या गाडीत बसा.

अमळनेर, १९२८. पहाटेचं छात्रालय. अजून उजाडलेलं नाही. कंदिलांच्या काचा पुसत बसलेला माणूस पाहून तुम्हाला तो गडी वाटेल. मुलं उठून आंघोळीला गेली की तो त्यांची अंथरुणं उचलून घड्या घालील, चकार शब्द न काढता. हेच साने, प्रताप हायस्कूलचे शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख. चार दिवस मुलं मजा बघतील, मग कुणीतरी ओशाळून आपली वळकटी स्वतः बांधील. शिस्तीचं भाषण नाही, छडी तर नाहीच. काचा पुसून झाल्या की ते ‘छात्रालय दैनिक’ लिहायला बसतात. हो, दैनिकच, हाताने लिहिलेलं, शे-पाऊणशे पोरांसाठी असलं तरी रोज. शिवाय याच वर्षी ‘विद्यार्थी’ हे मासिकही निघालंय. तुम्ही वाकून वाचा. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला देशोदेशीच्या माणसांची ओळख रोज सकाळी, फुकट. पिअर्सने ज्याला यंत्र म्हटलं त्याच यंत्राच्या पोटात बसून, त्याच्याच परीक्षांची तयारी करून घेता घेता, या मास्तरांनी एक वेगळी शाळा चालवली होती.

सहा वर्षांची ही नोकरी. २९ एप्रिल १९३० ला ते राजीनामा देतील आणि मिठाच्या सत्याग्रहात उतरतील. त्यानंतर ते नोकरीतले मास्तर राहिले नाहीत. पहिल्याच शिक्षेत त्यांना धुळ्याहून त्रिचनापल्लीला हलवलं. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतले कैदी एकत्र होते, आणि एकमेकांच्या भाषा येत नाहीत याचा त्यांना त्रास झाला. मग या कैद्याने तमिळ शिकायला घेतलं, आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणलं.