चालत्या घराचे पाणी

बंगळूर शहराच्या हवामानाचे जे दप्तर उपलब्ध आहे, त्यात सर्वांत थंड दिवस म्हणून 13 जानेवारी 1884 ची नोंद आढळते, आणि त्या दिवशीही पारा 7.8 अंश सेल्सिअसच्या खाली उतरला नाही. नळातले पाणी गोठून नळ फुटावा, ही आपत्ती ज्या नगरीच्या स्वप्नातही कधी आली नाही, त्याच नगरीत चाकांवर चालणारी घरे, म्हणजे रेल्वेचे डबे, बांधण्याचा उद्योग पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. आणि अशा घरातल्या पाण्याचा इतिहास पाहू गेल्यास, शीताचा विचार आपल्याकडे किती उशिरा झाला हे प्रकर्षाने ध्यानात येते.

1864 साली मद्रास रेल्वेचे रूळ बंगळुरास पोहोचले, तेव्हा डब्यात पाण्याची तजवीज असावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. 1891 मध्ये शौचकूप आले, तेही केवळ पहिल्या वर्गात. खालच्या वर्गाच्या उतारूने स्थानकावर उतरावे, रांजणातले पाणी प्यावे (तेथेही हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असा भेद सरकारी व्यवस्थेतच शिरलेला), देहधर्म उरकावा आणि शिट्टी होण्यापूर्वी धावत परत यावे, असा शिरस्ता होता. 1909 साली अहमदपूर स्थानकावर हातात लोटा घेऊन धावताना पडलेल्या आणि गाडी चुकलेल्या ओखिलचंद्र सेन यांनी रेल्वेच्या अंमलदारास लिहिलेले तक्रारपत्र प्रसिद्धच आहे. त्या पत्रातले इंग्रजी वाचून आजवर पुष्कळ लोक हसले. मला मात्र त्यात कोट्यवधी प्रवाशांची मूक अवहेलना एका माणसाच्या तोंडून बोलताना ऐकू येते. याच काळात संस्थानिकांची गोष्ट वेगळी होती. म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात 1899 सालचा महाराणींचा सलून, म्हणजे खासगी रेल्वेडबा, जपून ठेवला आहे. त्यात स्वयंपाकघर आहे, भोजनाची जागा आहे आणि स्वतंत्र शौचगृह आहे. आज पाश्चात्त्य देशांत ज्यास मोटारहोम म्हणतात, त्याचे सारे साहित्य येथे रुळांवर सिद्ध होते.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगळुरास हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला. 1942 मध्ये तो सरकारच्या ताब्यात गेला; महायुद्ध संपून विमानांचे काम ओसरले तेव्हा तेथील कसबी हातांना धातूचे रेल्वेडबे बांधण्याचे काम मिळाले, आणि पुढे 1964 साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सकडे ती परंपरा आली. दरम्यान 1955 मध्ये मद्रासजवळ पेरांबूर येथे स्विस साहाय्याने डब्यांचा मोठा कारखाना सुरू झाला होता, आणि त्याच्या नमुन्याचे डबे बंगळुरासही तयार होऊ लागले.

या डब्यांतली पाण्याची रचना अगदी साधी होती. शौचगृहाच्या माथ्यावर, छताखाली, टाकी. तेथून स्वतःच्या भाराने उतरणारे पाणी. पंप नाही, वीज नाही. मोठ्या स्थानकांवर रुळांलगत उभ्या असलेल्या नळांना रबरी नळ्या जोडून टाक्या भरायच्या आणि पुढच्या मुक्कामापर्यंत ते पाणी पुरवायचे. भीती होती ती एकाच गोष्टीची, वैशाखात टाकी रिती होण्याची.

शीत प्रदेशात भीतीचे रूप निराळे असते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. नळीच्या एखाद्या भागात बर्फाचे बूच बसले की ते बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर विलक्षण दाब येतो, आणि नळी पुष्कळदा बर्फ असलेल्या जागी न फुटता भलत्याच सांध्यात फुटते. म्हणून कॅनडा-अमेरिकेतला मोटारहोमचा मालक हिवाळ्यापूर्वी टाकी रिती करतो, निवलेल्या बंबातले पाणी सोडून देतो, सर्वांत खालच्या तोट्या उघडतो, हवेच्या दाबाने नळ्या फुंकून काढतो आणि पंपात व सांडपाण्याच्या वळणांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरून ठेवतो. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या नळ्यांत ते वापरत नाहीत. मग ते घर वसंतापर्यंत निजते.

रेल्वेगाडीला अशी निद्रा नाही. चिल्लई कलान म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस काश्मीरची नळयोजना गोठवतात; डिसेंबर 2024 मध्ये श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांपर्यंत गेला होता. तरी गाडी सुटलीच पाहिजे. म्हणून 6 जून 2025 रोजी कटरा-श्रीनगर मार्गावर सुरू झालेल्या वंदे भारत गाडीत पाण्याच्या आणि शौचालयांच्या टाक्यांना सिलिकॉनचे तापणारे पट्टे लावले असून नळ्यांनाही ऊब देण्याची योजना केली आहे. रिते करून वाचवण्याऐवजी तापवून वाचवावे, असा हा मार्ग आहे. ती गाडी बंगळूरची नव्हे. पण 1 सप्टेंबर 2024 रोजी बंगळुरात ज्या शयनयान वंदे भारतचा पहिला नमुना दाखवण्यात आला, त्याच्या पहिल्या वर्गात गरम पाण्याच्या स्नानाची सोय आहे. म्हणजे महाराणींच्या सलूनमधली चैन आता तिकिटावर मिळणार.

माझा आग्रह एवढाच, की विजेवर विसंबून जुनी युक्ती सोडू नये. वीज गेलेली रात्र आणि आडमार्गावर उभा असलेला डबा ही जोडी पहाडी मुलखात दुर्मीळ नाही. पट्टे थंड पडल्यावर कामास येते ती सर्वांत खालची तोटी, आणि ती कुठे आहे हे डब्याबरोबरच्या कामगारास अंधारातही ठाऊक असले पाहिजे. बंगळूरच्या सौम्य हवेत बसून आराखडा काढणाऱ्याने ती तोटी हातमोजे घातलेल्या हाताने फिरवता येईल इतकी मोठी ठेवावी.