बाराखांबी : सहलीत राहून गेलेला धडा

आपली अंबाजोगाईची सहल आठवते ना? योगेश्वरीचे दर्शन, मुकुंदराजांची समाधी, झाडाखाली सोडलेले डबे आणि परतताना एसटीत रंगलेल्या भेंड्या. मधल्या वेळात आम्ही तिघे बाराखांबीत शिरलो. तिथल्या एका खांबावर मी करकटकाने नाव कोरले. गुरुजींनी पाहिले आणि कान पिळला. पण तो खांब किती जुना, हे मला फार वर्षांनी कळले.

बाराखांबी म्हणजे सकलेश्वराचे मंदिर. त्याचा शिलालेख शके ११५०चा, म्हणजे इ.स. १२२८चा. तेव्हा देवगिरीवर यादव राजा सिंघण होता. अशा प्रत्येक देवळाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री पंडित प्रधान झाला तो त्यानंतर तीसेक वर्षांनी. गावातला दुसरा लेख शके ११६२चा. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला. बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले. भावासाठी बहिणीने दगडात जपलेली ही आठवण आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे.

मग बाराखांबी का ढासळली? परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. तिथे पूजा चालू राहिली, राबता राहिला, म्हणून डागडुजीही होत राहिली. बाराखांबी ओस पडली. ही बांधणी दगडात दगड बसवलेली, वजनावर तोललेली. फटीत पिंपळ रुजला, पाणी मुरले की सांधा सुटतो. एक दगड निसटला की शेजारचाही सैल होतो.

२०२४ साली राज्य पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केले, तेव्हा आवारात आणखी दोन मंदिरांचे पाये सापडले. ते काम जाणकारांचे. आपल्या हातात आहे ते एवढेच : गावच्या जुन्या देवळाला ऑइलपेंट फासू न देणे, कोरीव दगड धुणे धुवायला उचलू न देणे, फटीतले रोप दिसले तर वेळीच कळवणे.

माझे नाव आता घासून काढता येणार नाही. घासले तर खांबच झिजेल. मेळाव्यानंतरच्या रविवारी मी बाराखांबीला जाणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी मुलानातवंडांना घेऊन यावे. करकटक मात्र घरी ठेवावे.