मृद् व जलसंधारण (उरला परिसर)

शेतातील माती वाहून जाऊ न देणे आणि पावसाचे पाणी पडेल तेथेच अडवून मुरवणे, यासाठीची कामे. उरला ही छत्तीसगडमधील रायपूरच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहत. हा प्रदेश खारून नदीच्या खोऱ्यात मोडतो. खारून शिवनाथला व शिवनाथ महानदीला मिळते (→ महानदी). पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. खाली चुनखडक व शेल असल्याने भूजल मुख्यतः भेगांत व पोकळ्यांत साठते.

स्थानिक शेतकरी मातीचे भाटा, मटासी, डोरसा व कन्हार असे प्रकार मानतात. उंचवट्यावरील भाटा मुरमाड व उथळ असते, तर सखल भागातील कन्हार काळी, चिकण व ओल धरणारी असते. भाताच्या बांधबंदिस्त खाचरांत पाणी थांबते आणि गाळ बसतो. ‘बियासी’ पद्धतीत उगवलेल्या पिकात उभ्या पाण्यातच नांगर फिरवतात. बांध फुटल्यास हे काम अडते. गावतळी व शेतातील ‘डबरी’ (लहान तळी) हे पाण्याचे जुने साठे होत. राज्य शासनाच्या ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ योजनेत ‘नरवा’ म्हणजे ओढ्यांवरील उपचारांचा समावेश होता.

लोह-पोलाद कारखाने, बांधकामे व फरसबंदीमुळे पाणी मुरण्याची जागा घटते आणि कारखान्यांचे सांडपाणी भूजलात मिसळण्याचा धोका असतो. त्यामुळे येथे भूजल पुनर्भरणाइतकेच सांडपाण्याच्या शुद्धीकरणालाही महत्त्व आहे (→ भूजल, जलप्रदूषण).