सूक्ष्मजीवांचे उष्णतानुकूलन

अतिउष्ण परिसरात जगण्याची क्षमता सूक्ष्मजीवांच्या वंशात नैसर्गिक निवडीने क्रमशः येण्याची प्रक्रिया. तिचा आरंभीचा प्रायोगिक अभ्यास इंग्लंडमधील मेथडिस्ट धर्मोपदेशक व सूक्ष्मजीवांचे अभ्यासक विल्यम हेन्री डॅलिंजर यांनी केला. सूक्ष्मजीव हळूहळू वाढत्या तापमानास सरावतात, असे त्यांनी १८७८ मध्ये चार्ल्स डार्विन यांना कळविले. उष्ण झऱ्यांतील शैवलांच्या अस्तित्वाचा उलगडा यामुळे होतो, असे डार्विन यांनी उत्तरी लिहिले.

डॅलिंजर यांनी १८८०–८६ या काळात कशाभिकायुक्त सूक्ष्मजीवांच्या संवर्धनाचे तापमान सु. १५·६° से. पासून ७०° से. पर्यंत अतिशय सावकाश वाढविले. काही टप्प्यांवर महिनोन्‌महिने थांबावे लागले. अखेरीस ७०° से. ला वाढणारे हे जीव मूळच्या तापमानास परत नेल्यावर मात्र मेले. १८८६ मध्ये अपघाताने उपकरण नष्ट होऊन प्रयोग संपला.

उष्णता जीवांत इष्ट बदल घडविते, की आधीच झालेल्या बदलांतून केवळ निवड करते, हा प्रश्न या प्रयोगाने सुटला नाही. त्याचे उत्तर उष्णतेशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून पुढे आले. १९४३ मध्ये साल्व्हादोर लुरिया व माक्स डेलब्रूक यांनी जीवाणूंच्या अनेक स्वतंत्र संवर्धनांवर जीवाणुभक्षी व्हायरस सोडले. प्रत्येक संवर्धनात तगून राहिलेल्या जीवाणूंची संख्या फार भिन्न आढळली. व्हायरसांमुळे प्रतिकारक्षमता उत्पन्न झाली असती, तर या संख्या साधारण सारख्या आल्या असत्या. त्यावरून उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदल) संकटापूर्वीच व यदृच्छया घडलेली असतात, असा निष्कर्ष निघाला. परिसर ती घडवीत नाही. त्यांतील उपयुक्त तेवढी टिकवितो.

निसर्गातील अशा निवडीचे ठळक उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मिळाले. तेथील उष्ण झऱ्यातून टॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनी १९६६ मध्ये मिळविलेल्या जीवाणूचे ‘थर्मस ॲक्वॅटिकस’ हे नाव १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सु. ७०° से. तापमानात उत्तम वाढतो. डीएनए तयार करणारे त्याचे एंझाइम ९५° से. लाही काही काळ टिकते. म्हणूनच कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या डीएनए-बहुगुणन तंत्रात ते पुढे अत्यंत उपयुक्त ठरले. तथापि नेहमीच्या तापमानात ते मंदावते. डॅलिंजर यांच्या प्रयोगाप्रमाणेच येथेही दिसते की, अनुकूलन म्हणजे सर्वांगीण सुधारणा नव्हे. ते विशिष्ट परिसरापुरते असते व त्याची किंमत अन्य परिसरात द्यावी लागते.