चवदार तळ्याचा ठराव

काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला गागाभट्टांचे स्मरण सहज होते. मूळ पैठणचे हे घराणे. परंतु काशीत त्याने विद्येचे असे ठाणे मांडले की, दक्षिणेतील जातीजातींच्या अधिकाराचे तंटे निर्णयासाठी येथील पंडितसभेपुढे येत. १६७४ साली शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी क्षत्रियत्वाचा प्रश्न निघाला, तेव्हाही काशीचे गागाभट्टच रायगडावर गेले. त्याच रायगडाच्या परिसरात, महाड गावी, अडीचशे वर्षांनी अधिकाराचा दुसरा प्रश्न उभा राहिला : सार्वजनिक तळ्याचे पाणी कोणी प्यावे? या खेपेस तो पंडितसभेपुढे आला नाही. कायदेमंडळ, नगरपालिका आणि न्यायालय या तीन संस्थांपुढून तो गेला. त्या प्रवासाची हकीकत आपल्यासारख्या कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे.

मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी एक ठराव मांडून संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे आज्ञा दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले.

कागद पूर्ण झाला. परंतु तळ्याच्या काठी काहीच घडले नाही. मुसलमान तेथे पाणी भरीत, जनावरेही पीत. ज्यांच्यासाठी ठराव झाला, ते मात्र पूर्वीप्रमाणेच दूर राहिले. बोल्यांनी १९२६ साली दुसरा ठराव आणून, जी स्थानिक मंडळे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे, अशी सूचना केली. अंमलबजावणीवाचून ठराव किती निर्जीव असतो, याची ही कबुलीच म्हणावयाची.

त्या कागदात प्राण घातला तो लोकांच्या संघटनेने. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. महाडकडे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण परिषदेसाठी खटपट करीत होते. अनंतराव चित्रे आणि नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोक शिस्तीने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ही करण्यात आली.

याहून शिकविणारी गोष्ट पुढेच आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेस, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या संस्थेने दार उघडले, तिनेच ते लावून घेतले! डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत, २५ डिसेंबर रोजी. तथापि तळे खाजगी असल्याचा दावा विरोधकांनी केला होता आणि न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम निघाला होता. कलेक्टरांनी स्वतः परिषदेत येऊन विनंती केली. आणि आंबेडकरांच्या सल्ल्याने जमलेल्या लोकांनी सत्याग्रह स्थगित केला. पाण्यासाठी आलेल्या माणसांनी पाण्याच्या काठावरून परत फिरावे, हा संयम सोपा नव्हता.

दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे मालकी सार्वजनिक होती, ही साधी, दफ्तरी बाबच अखेर निर्णायक ठरली.

यावरून दोन टोकांची अनुमाने निघू शकतील. कोणी म्हणेल, सरकारी ठराव व्यर्थ. लोकच सारे करतात. परंतु ठराव नसता, तर महाडचे लोक कायद्याने दिलेला हक्क बजावीत आहेत, असे म्हणता आले नसते. दुसरा म्हणेल, ठराव झाला की काम झाले. त्याला १९२४ ते १९२७ ही तीन कोरडी वर्षे दाखवावीत. सार्वजनिक संस्थेने हक्काला आधार द्यावा, लोकसंस्थेने तो वापरून दाखवावा, आणि संस्था डगमगली तर तिला तिच्याच शब्दाची आठवण द्यावी, असा हा व्यवहार आहे.

काशीलाही हा धडा गिरवावा लागला. संयुक्त प्रांताने सामाजिक असमर्थता दूर करण्याचा कायदा १९४७ साली केला; राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा केंद्रीय कायदाही आला. तरी विश्वनाथाच्या देवळात हरिजनांनी प्रवेश केला, तेव्हा स्वामी करपात्रींनी प्रखर विरोध केला आणि मीरघाटावर विश्वनाथाचे निराळे मंदिर उभे राहिले.

आपल्या टेबलावरून रोज परिपत्रके जातात. ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असे आपण त्यांवर सवयीने लिहितो. महाडचा ठरावही असाच कुठल्या तरी कारकुनाच्या हातून नकलून गेला असेल. त्यातील ‘कार्यवाही’ करावयास हजारो माणसांना पायी तळ्यावर जावे लागले, एवढे तरी आपण शेरा मारताना ध्यानात ठेवावे.